वीसपर्यंतची उजळणी

१

स्टुडिओत त्यांना सगळे उजेडराव म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. लोकांचे काळेकुट्ट फोटो उजळून देणं हे त्यांचं काम. फ्लॅश पेटला नाही, ऐन वेळी दिवे गेले, फोटो काढणाऱ्याने बटणांशी नको ते चाळे केले, की तो फोटो फिरून फिरून उजेडरावांच्या कॉम्प्युटरवर यायचा. बाकीच्या कामांच्या पाकिटांवर 'पासपोर्ट', 'मोठी प्रिंट' असे शिक्के असत. त्यांच्या पाकिटावर मालक स्वतःच्या हाताने लिहायचे, 'उजळणी'.

"मालक, उजळणी म्हणजे पाढे हो," उजेडराव पहिल्या दिवशी म्हणाले होते. "बे एके बे."

"मग तुम्ही काय वेगळं करता? दिवसभर तेच तेच गिरवत तर बसता."

हेही खरंच होतं. कॉम्प्युटरवरची सावल्या उजळायची पट्टी माऊसने जरा वर, बघायचं, जरा खाली, पुन्हा बघायचं. दुकानाच्या मागची जुनी डार्करूम त्यांना मिळाली होती. तिला खिडकी नव्हती, दाराला जाड काळा पडदा होता, कोपऱ्यातला नळ अजून ठिबकायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे रंग नीट कळावेत म्हणून ते खोलीतला दिवाही बंद ठेवत. काम रंगात आलं की त्यांच्या जिभेचं टोक ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर यायचं आणि तिथेच राहायचं. मालक पडद्यातून डोकावून म्हणायचे, "जीभ आत घ्या, गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक फोटो बघायचं. वारलेल्या नवऱ्याचा चेहरा अंधारातून वर आलेला असायचा. बाई उजेडरावांचा हात धरायच्या. अशा वेळी त्यांना इतकं भरून यायचं की आभार नक्की कोणी कोणाचे मानायचे तेच कळायचं नाही. मग ते आपले कॉम्प्युटरवर हळूच थाप मारायचे.

२

दुपारी एकला त्यांची बहीण डबा घेऊन यायची. पन्नाशीला टेकली होती, तरी घरात ती बारकीच. ती सकाळी बालवाडीत शिकवायची, तिथून थेट इकडे. डबा द्यायची तो मात्र पडद्याबाहेर उभी राहून. हात तेवढा आत. चौदा वर्षांत तिने त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

बारकीला अंधार चालत नसे. चालत नसे म्हणजे अजिबात नाही. घरात तिच्या उशाशी रात्रभर दिवा, शिवाय दिवे गेले तर म्हणून दोन बॅटऱ्या. लग्नाचा विषय निघाला की ती स्वतःच हसून म्हणायची, "दिवा लावून झोपणारी बायको कोणाला परवडणार?" सगळे हसायचे. उजेडराव हसायचे नाहीत, कारण दोष त्यांचा होता.

तेव्हा तो नऊ वर्षांचा पोर होता, ती पाच. घर बदलायचा दिवस. सामान निघत होतं, मोठी माणसं घाईत होती, काकाने आपला कॅमेरा "सांभाळ रे" म्हणून त्याच्या गळ्यात अडकवला होता. लपायची कल्पना त्याची. जागाही त्याचीच, जिन्याखालची कोठी. कोणीतरी जाता जाता बाहेरून कडी घातली. आईला वाटलं पोरं काकाबरोबर, काकाला वाटलं आईबरोबर. पाच तास दोघं त्या कोठीत होती.

तो भिंतीला पाठ लावून बसला आणि फ्लॅश पेटेल या आशेने कॅमेऱ्याचं बटण दाबत राहिला. फ्लॅशमधले सेल काकाने काढून ठेवले होते, हे त्याला काय माहीत. कॅमेऱ्याला डोळा लावला की भीती जरा कमी वाटायची, म्हणून डोळा हलवलाच नाही. समोर बारकी रडायची, थांबायची. मध्येच केव्हातरी तिने अंक म्हणायला सुरुवात केली. आई पुढे कौतुकाने सांगायची, की आत गेली तेव्हा पोरीला दहापर्यंत येत होतं, बाहेर आली ती वीसपर्यंत शिकून.

बाहेर आल्यावर बारकी म्हणाली, "दादाच्या मागे भिंतीत एक माणूस होता. निळ्या तोंडाचा. दादाच्या डोक्यावरून बघत होता. जिभल्या चाटत होता."

आधीच दादाच्या पाठीत धपाटे बसत होते. तो ओरडला, "काही नव्हतं तिथे! खोटं बोलते ती!"

पुढे चव्वेचाळीस वर्षं असंच चाललं. बारकी कधी तो विषय काढायची, 'जिभल्या चाटत होता' इथवर यायची, आणि उजेडराव म्हणायचे, "काही नव्हतं गं तिथे." ती गप्प व्हायची. तिची भीती घालवायची तर माणूस नव्हताच असं तिला पटवायला हवं, असं त्यांना मनापासून वाटायचं. मरण्याआधी एक दिवस तरी ती दिवा मालवून झोपावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

३

पहिली चूक मालकांना दिसली.

गायनाच्या क्लासमधल्या मुलांचा फोटो होता. दिवे गेले असताना कोणीतरी काढलेला, काळा ठिक्कर. गिऱ्हाईक घाईत होतं, म्हणून मालकांनी काऊंटरवरच्या कॉम्प्युटरवर एका बटणात तो आपोआप उजळून दिला. उजेडरावांनी तोच फोटो हाताने सावकाश उजळला, तो तासाभराने तयार झाला. मालकांनी दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या आणि चष्मा पुसला.

"उजेडराव, या पोरांनी डोळे कधी वळवले?"

मशीनच्या प्रिंटमध्ये सात मुलं सात दिशांना बघत होती. उजेडरावांच्या प्रिंटमध्ये सातही जणं समोर, बघणाऱ्याकडे बघत होती.

"सावल्या वर घेतल्या की बुबुळं स्पष्ट होतात," उजेडराव म्हणाले. "उरलेलं आपलं मन भरून काढतं."

"बरं बुवा. तुम्ही तज्ज्ञ."

तज्ज्ञ खोलीत परतले आणि त्यांनी तो फोटो मोठा केला. फोटोतल्या माणसाच्या डोळ्यात एक ठिपका असतो. समोर खिडकी असेल तर खिडकीचा, दिवा असेल तर दिव्याचा. त्या ठिपक्यावरून उजेड कुठून आला ते कळतं. दिवे गेलेल्या खोलीत ठिपका असायचं कारण नव्हतं. पण होता. चौदा डोळ्यांत चौदा ठिपके, आणि सगळे चौकोनी. आडवे, रुंद, फिकट निळे. चौकोनाच्या खालच्या कडेला, मध्यभागी, काहीतरी गोल आडवं आलेलं.

त्यांनी जुन्या फायली उघडल्या. लोडशेडिंगमधलं एक बारसं. गुहा बघायला गेलेली सहल. बोगद्यातले कामगार. चौकोन, चौकोन, चौकोन.

हे आपल्याच कामाच्या पद्धतीतली खोट असणार, असं त्यांनी स्वतःला बजावलं. एकच माणूस, एकच हात, त्यामुळे एकच दोष. कारण पटण्यासारखं होतं. फक्त हातावरचे केस खाली बसायला तयार नव्हते, आणि मागे नळ ठिबकत होता. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच खोलीतला दिवा लावून काम केलं.

४

पुढच्या आठवड्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. पूर्वी कापडाच्या कारखान्यात शिलाईला होत्या. त्यांच्याकडचा फोटो कारखान्याच्या माल चढवायच्या लिफ्टमधला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत अकरा बायका, पूर्ण अंधार. एकीजवळ नवा कॅमेरा होता, तिने नुसतंच बटण दाबून बघितलं होतं.

फोटो न्यायला त्या आल्या तेव्हा मालक जेवायला गेले होते. हाक मारून कोणी येईना, म्हणून बाईंनी सरळ आतला पडदा बाजूला केला. उजेडराव त्याच फोटोवर शेवटचा हात फिरवत होते. कॉम्प्युटरचा निळा उजेड त्यांच्या तोंडावर होता आणि जीभ बाहेर होती.

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"अगं बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुम्हीच की हो."

"कोण मी?"

"लिफ्टमधले." त्या आत येऊन स्टुलावर बसल्या. त्यांना घाबरल्यासारखं दिसत नव्हतं, डोळे मात्र भरले होते. "तीन तास अडकलो होतो आम्ही. एकीला धाप लागलेली, एकीला पाचवा महिना. आरडाओरडा चालला होता. आणि समोरच्या पत्र्यात एक माणूस दिसला. तोंडावर असाच उजेड, जीभ अशीच बाहेर. एकेकीकडे नीट निरखून बघत होता. पहिली झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. मी सगळ्यांना म्हटलं, अगं, तो आपल्याला मोजतोय. मोजतोय म्हणजे एकीलाही मागे ठेवणार नाही."

"बाई, तो फोटो केव्हाचा, आणि मी तर आज..."

"मला हिशेब नका सांगू. तीस वर्षं मी त्या माणसाचे आभार मानायचे राहिले म्हणून हळहळते आहे." त्यांनी दोन्ही हात जोडले. "आता मानते. फार उपकार झाले तुमचे."

बाई गेल्या.  उजेडरावांनी हात वर नेला आणि जिभेच्या टोकाला बोट लावून बघितलं. दादाच्या डोक्यावरून बघत होता, बारकी म्हणायची. जिभल्या चाटत होता.

५

काका वारला तेव्हा त्याचा कॅमेरा आणि फिल्मचा पत्र्याचा डबा उजेडरावांकडे आला होता. कॅमेरा डार्करूममधल्या फळीवर शोभेला होता. डबा त्यांनी कधी उघडला नव्हता. त्या कोठीतल्या रोलबद्दल काका फार चिडला होता, चौदा फोटो फुकट घालवले म्हणून. पण काकाने आयुष्यात काही टाकून दिलं नाही, त्याबद्दल उजेडरावांनी मनातल्या मनात त्याचे पाय धरले.

डब्याच्या तळाशी एक पट्टी होती. तिच्यावर काकाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोरी. पोरांचा प्रताप.'

अंधाराची निगेटिव्ह काळी नसते. जिथे उजेड पडलाच नाही तिथली फिल्म काचेसारखी आरपार असते. पट्टी डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचा नळ दिसत होता. पण कोठीच्या दाराखाली फट होती, त्यातून चिमूटभर उजेड आत आला असणार. त्यांनी पट्टी स्कॅनरवर ठेवली. दुपारचे बारा वाजले होते. बाहेर मालक कोणाला तरी हनुवटी खाली घ्यायला सांगत होते.

जीभ आत ठेवायची, असं त्यांनी घोकून ठेवलं होतं.

६

पहिली फ्रेम नुसती राख होती. त्यांनी सावल्यांची पट्टी वर घेतली, पुन्हा वर घेतली, फिल्मचे खरखरीत दाणे पुसले, पुन्हा वर घेतली. कोपऱ्यात एक फ्रॉक उमटला. त्यावर दोन गुडघे, गुडघ्यांत खुपसलेलं डोकं. किती लहान होती बारकी! हे ते विसरूनच गेले होते.

दुसरी फ्रेम. डोकं वर येत होतं, चेहरा निघता निघत नव्हता. ते पुढे झुकले, एकेक दाणा वेचत गेले, भान हरपून गेले. आणि चेहरा एकदम आला.

पाच वर्षांच्या पोरीचं तोंड किंचाळण्यासाठी उघडलेलं होतं. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या जरा वर बघत होती, सरळ त्यांच्या डोळ्यांत. तिच्या दोन्ही डोळ्यांत फिकट निळे चौकोन होते, त्यांच्या समोरच्या कॉम्प्युटरसारखेच आडवे.

त्यांची जीभ बाहेर होती.

त्यांनी ती झटकन आत घेतली, पण आता काय उपयोग? चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तिने बघायचं ते बघितलं होतं. जिच्या भीतीपायी ते अंधारातले फोटो उजळायला शिकले, तिची भीती तेच होते.  फाईल बंद करून पट्टी जाळून टाकावी, असंही मनात आलं. पण बंद केली तर ती तशीच राहील, तोंड उघडं, एकटी.

त्यांनी डोळे पुसले आणि ते हसले. कसनुसं, पण हसले. एक बोट वर केलं, ओठ मोठे हलवत म्हणाले, "एक." आणि तिसरी फ्रेम उघडून डाव्या हाताने उजळायला घेतली.

तिचं तोंड मिटलं होतं.

"एक," ते पुन्हा म्हणाले. चौथी फ्रेम. पोरीचं एक बोट वर होतं.

मग ते थांबले नाहीत. दोन. तीन. फ्रेमगणिक ती थोडी पुढे सरकत होती. नवव्या फ्रेममध्ये दहा बोटं पसरलेली होती. "अकरा," ते म्हणाले, आणि तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी दिसली, माहीत नसलेलं काही ऐकलं की अजूनही पडते ती. बारा. तेरा. मोठ्या माणसाने बंद खोलीत एकट्याने बोटं वर करून आकडे म्हणावेत, हे मालकांनी बघितलं असतं तर त्यांनी डॉक्टरच बोलावला असता. चौदाव्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये ते "वीस" म्हणाले. फ्रेममधली पोर हसत होती. पुढचा एक दात पडलेला होता.

"दादा, डबा," पडद्याबाहेरून बारकी म्हणाली. मग म्हणाली, "आत कोण मोजतंय?"

७

  बारकीने पडदा जरासा बाजूला केला. त्या फटीतून तिला भावाचं निळं तोंड दिसलं, आणि त्याच्यासमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती स्वतः.

तिची नजर त्या पोरीवरून भावाच्या तोंडावर आली.

"जीभ कुठे गेली?" तिने विचारलं.

"आत घेतली." ते तिच्याकडे वळले. "बारके, तो मीच होतो गं. मीच तुला घाबरवलं, आणि आयुष्यभर वर म्हणत राहिलो की काही नव्हतं."

"पण त्यानेही आत घेतलीच की."

"काय?"

"मग तो हसला. मग मला अकरापासून पुढचे शिकवले." ती एखाद्या मुलाला सांगावं तशा सुरात बोलत होती. "तू कधी तिथवर ऐकलंच नाहीस, दादा. जिभेपर्यंत आलं की तू म्हणायचास, काही नव्हतं तिथे."

उजेडरावांनी त्या हसणाऱ्या पोरीकडे बघितलं.

"म्हणजे तू त्याला घाबरत नाहीस?"

"त्याला कशाला घाबरू? वीस झाले आणि तो गेला. एकदम गेला. मग जो अंधार झाला ना, त्याला घाबरते मी."

त्यांनी माऊसवरचा हात विस्तवावरून काढावा तसा काढला. "नाही बंद करत. कधीच करत नाही. हा कॉम्प्युटर आता असाच चालू राहील."

बारकी हसली. तिने डबा खाली ठेवला, आणि चौदा वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. आत आली. "मला नीट बघू दे त्या पोरीला," ती म्हणाली, आणि चित्रावर उजेड पडू नये म्हणून तिने मागे दार लावलं, पडदाही ओढला. भाऊ नेहमी सगळ्यांना ओरडतो ते तिला माहीत होतं. मग दोन पावलं पुढे आली, आणि जमिनीवरच्या वायरमध्ये तिचा पाय अडकला.

खट्.

कॉम्प्युटरचा पडदा विझला. खोलीत काळोख झाला, पूर्ण, कोठीतल्यासारखा. तो आवाज प्लगचाच असणार. फळीवरच्या काकाच्या कॅमेऱ्याचं बटण तसंच वाजायचं, पण त्यात रोल नव्हता, निदान उजेडरावांनी तरी घातला नव्हता.

"हलू नकोस, बारके. मी दिवा लावतो. घाबरू नकोस."

तिने त्यांचा हात घट्ट धरला. हात गार पडला होता. पण ती ओरडली नाही.

"थांब," ती म्हणाली. "दादा, तुझ्या डोळ्यात उजेड आहे."

"कुठून येणार उजेड?"

"चौकोनी आहे. दोन्ही डोळ्यांत."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. काळोखात त्यांना बहिणीचा चेहरा दिसत नव्हता. तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि त्यांत दोन चौकोन, लहान, उभट, कुठल्या तरी वेगळ्याच यंत्राचे. खालच्या कडेला गोल काहीतरी आडवं आलेलं. ते गोल किंचित पुढे झुकलं.

समोरच्या भिंतीकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.  नळ ठिबकत होता. कोणीतरी त्यांना सावकाश, एकेक दाणा वेचत, अंधारातून वर काढत होतं, आणि ते जे कोण होतं त्याला किती वेळ होता, कोणाला ठाऊक.

बारकी मात्र भिंतीकडे बघत होती. तिची पकड जरा सैल झाली.

"बाई आहे," ती हळूच म्हणाली. "चष्म्याची. भुवया ताणून बघते आहे. तिला आपण नीट दिसत नाही बहुतेक, धाकधूक दिसते तिच्या तोंडावर. दादा, हस ना जरा."

उजेडराव हसले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात जोडले, आणि त्या शिलाईवाल्या बाई म्हणाल्या होत्या तसंच म्हणाले, "फार उपकार झाले तुमचे."

"आणि सावकाश होऊ द्या," बारकी म्हणाली. "आम्हाला घाई नाही."

तिने एक बोट वर केलं. या वेळी मोजायला तिनेच सुरुवात केली.